मासुंदा सापडतो, सिद्धेश्वर सापडत नाही : वर्डप्रेसमध्ये अडलेल्या डेटाबेस क्वेरीचा माग कसा काढावा

ठाण्यातील तलावांची माहिती देणारे एक छोटे मराठी संकेतस्थळ आहे. एका निसर्गप्रेमी मंडळाने ते वर्डप्रेसवर उभे केले असून त्याची तांत्रिक देखभाल मी नौपाड्यातील माझ्या कचेरीतून करतो. एके दिवशी त्यात एक विचित्र दोष लक्षात आला. मासुंदा, उपवन, कचराळी आणि रायलादेवी या तलावांची पाने व्यवस्थित उघडत होती. सिद्धेश्वर आणि ब्रह्माळा या दोन तलावांच्या पानांवर मात्र शीर्षक दिसे आणि त्याखालच्या माहितीच्या चौकटीत ‘नोंद उपलब्ध नाही’ एवढीच ओळ येई. मंडळाच्या चिटणीस बाईंचा फोन आला, “अहो, या दोन्ही तलावांची माहिती मी स्वतः भरली आहे. आत जाऊन पाहिले तर ती तिथे दिसते आहे. मग पानावरच का येत नाही?”

प्रश्न रास्त होता. उत्तर शोधायला मला जेवढा वेळ लागला त्याच्या चौथाईत ते सापडायला हवे होते, कारण मी आधी तर्क लढवले आणि पुराव्याकडे नंतर वळलो. तो क्रम उलटा केला असता तर काय केले असते, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे. उदाहरणे वर्डप्रेसची आणि त्याचा डेटाबेस सांभाळणाऱ्या मायएसक्यूएलची आहेत, परंतु तपासाचा क्रम इतर आशय-व्यवस्थापन प्रणालींनाही लागू पडतो. वाचनाच्या सोयीसाठी आज्ञा आणि नावे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये टंकताना ती अर्थातच रोमन अक्षरांत जातात.

हात लावण्यापूर्वी

डेटाबेसचा पूर्ण बॅकअप घ्यावा आणि तो उतरवून घेतलेल्या फाइलचा आकार शून्य नाही एवढे तरी डोळ्यांनी पाहून घ्यावे. होस्टिंगच्या नियंत्रण-फलकातील पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस हाताळण्याच्या साधनातून ‘एक्स्पोर्ट’ केले तरी लहान संकेतस्थळाला ते पुरते. शक्य असेल तर संकेतस्थळाची प्रत वेगळ्या सबडोमेनवर उभी करून सारा तपास तिथेच करावा. नुसते वाचणाऱ्या क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला पाठवलेल्या विनंतीच्या, तपासात डेटाला धोका नसतो हे खरे. पण तपास करता करता माणूस ‘एक गोष्ट करून पाहू’ म्हणत अपडेटची क्वेरी चालवतो आणि धोका तिथून आत येतो.

त्यानंतर दोष कागदावर नेमक्या शब्दांत लिहावा: कोणते पान, कोणता वापरकर्ता, किती वाजता, आणि त्याच जातीचे कोणते पान चालते. शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या पानांच्या दोन याद्या समोरासमोर ठेवल्या की अर्धा तपास होतो. माझ्यासमोर त्या याद्या होत्या, पण त्यांतील नावे मी तलाव म्हणून वाचली, अक्षरे म्हणून वाचली नाहीत.

‘क्वेरी पडली’ म्हणजे नेमके काय झाले?

बोलताना आपण तीन अगदी वेगळ्या घटनांना एकच नाव देतो. पहिली घटना म्हणजे डेटाबेसशी जोडणीच झाली नाही. तेव्हा संपूर्ण संकेतस्थळ बंद पडते आणि जोडणी स्थापन करताना चूक झाल्याचा वर्डप्रेसचा ठरलेला संदेश येतो. याची कारणे मोजकी असतात. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमधील डेटाबेसचे नाव, वापरकर्ता, पासवर्ड किंवा होस्ट यांपैकी काहीतरी चुकलेले असते, डेटाबेस सर्व्हर बंद असतो, किंवा एकाच वेळच्या जोडण्यांची मर्यादा संपलेली असते. होस्टच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहिले तर लिनक्सवर जोडणी सॉकेट फाइलमार्फत होते आणि १२७.०.०.१ लिहिले तर नेटवर्कमार्फत होते. एक चालत नसेल तर दुसरे करून पाहणे हा अंधश्रद्धेचा प्रकार नव्हे, त्यामागे हे कारण आहे.

दुसऱ्या घटनेत जोडणी झालेली असते, क्वेरी डेटाबेसपर्यंत पोहोचते आणि डेटाबेस ती नाकारतो. तिसऱ्या घटनेत डेटाबेसने काहीच नाकारलेले नसते. क्वेरी चालते, पण एकही ओळ परत येत नाही. किंवा, आणि हे फार कमी जणांच्या लक्षात येते, क्वेरी डेटाबेसपर्यंत पोहोचतच नाही, ती वर्डप्रेसच्या आतच विरून जाते.

दुसरी आणि तिसरी घटना पानावर अगदी सारखी दिसते, म्हणून त्यांतील फरक कोडमधून काढावा लागतो. वर्डप्रेसमध्ये डेटाबेसशी बोलणारी वस्तू म्हणजे डब्ल्यूपीडीबी. तिच्या ‘गेट रिझल्ट्स’ या पद्धतीने परत दिलेले मूल्य आणि ‘लास्ट एरर’ या गुणधर्मातील मजकूर हे दोन्ही एकत्र पाहिले तर निदान तीन ओळींत होते. रिकामा ॲरे, म्हणजे मूल्यांची रिकामी यादी, आला आणि लास्ट एररमध्ये मजकूर आहे, तर डेटाबेसने क्वेरी नाकारली. रिकामा ॲरे आला आणि लास्ट एररही रिकामा आहे, तर क्वेरी बरोबर चालली, फक्त अटीत बसणारी ओळ नाही. आणि ॲरेच्या जागी ‘नल’, म्हणजे ‘मूल्यच नाही’ ही खूण, आले तर गेट रिझल्ट्सच्या हाती दिलेली क्वेरीच रिकामी होती. या शेवटच्या प्रसंगी लास्ट एरर आणि ‘लास्ट क्वेरी’ हे दोन्ही गुणधर्म आधीच्या कुठल्यातरी क्वेरीचे असतात, कारण नवीन क्वेरी न चालल्यामुळे ते पुसले गेलेले नसतात. त्यांवर विश्वास ठेवला तर आपण भलत्याच क्वेरीचा तपास करत बसतो. मी बसलो होतो.

‘गेट रो’ आणि ‘गेट व्हार’ या पद्धती तिन्ही प्रसंगी नलच देतात, म्हणून तपासापुरते त्यांच्या जागी गेट रिझल्ट्स वापरावे. नोंद बदलणाऱ्या ‘अपडेट’ या पद्धतीबाबत आणखी एक सावधगिरी हवी. ती चूक झाल्यास ‘फॉल्स’ देते, परंतु भरलेले मूल्य आधीच्याच मूल्याइतके असेल तर बदललेल्या ओळींची संख्या म्हणून ० देते. ज्या कोडमध्ये नुसते ‘निकाल नसेल तर चूक दाखवा’ असे लिहिलेले असते, तिथे काहीही न बदलता ‘जतन करा’ दाबणाऱ्या वापरकर्त्याला विनाकारण चूक झाल्याचा संदेश दिसतो आणि तक्रार आपल्याकडे येते.

लॉग सुरू करणे

डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये, संपादन इथे थांबवावे असे सांगणारी जी इंग्रजी टीप असते तिच्या वर, तीन स्थिरांक घालावेत. डब्ल्यूपी_डीबग हा ‘ट्रू’, डब्ल्यूपी_डीबग_लॉग हाही ‘ट्रू’, आणि डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्ले हा ‘फॉल्स’. तिसरा विसरला तर चुकांचे संदेश, त्यांतील टेबलांची नावे आणि फाइलींचे मार्ग येणाऱ्या प्रत्येक वाचकाला पानावर दिसतात.

लॉग, अर्थात चुकांची नोंदवही, ठरलेल्या जागी, म्हणजे डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमधील डीबग.लॉग या फाइलमध्ये, साठतो आणि अनेक सर्व्हरांवर तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की कोणालाही वाचता येतो. वर्डप्रेसच्या ५.१ आवृत्तीपासून दुसऱ्या स्थिरांकाला ‘ट्रू’ऐवजी फाइलचा मार्ग देता येतो, तो संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरबाहेरचा द्यावा. लॉगमधील वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते. सकाळी ११ वाजता ठाण्यात घडलेली चूक तिथे ५:३० वाजताची दिसते, हे ठाऊक नसेल तर ‘आपल्या चुकीची नोंदच झाली नाही’ असा निष्कर्ष काढून माणूस फाइल बंद करतो.

डेटाबेसने नाकारलेल्या क्वेरीची लॉगमधील ओळ तीन भागांची असते: डेटाबेसचा संदेश, ती क्वेरी, आणि ती कोणकोणत्या फंक्शनांमधून आली त्यांची साखळी. बहुतेक जण पहिला भाग वाचून थांबतात. साखळीत थीमचे (संकेतस्थळाच्या रूपाचा कोड) किंवा प्लगइनचे (वरून जोडलेला कोड) नाव असते आणि दुरुस्ती कुठे करायची ते तिथेच कळते. ज्यांना फाइलींमध्ये शिरायचे नाही त्यांनी ‘क्वेरी मॉनिटर’ हे प्लगइन प्रतीवर बसवावे. ते पानावरील प्रत्येक क्वेरी, तिला लागलेला वेळ आणि ती कोणी मागितली हे नीट मांडून दाखवते.

डेटाबेसचा संदेश वाचणे

वर्डप्रेसच्या लॉगमध्ये संदेशाचा मजकूर येतो, चूक-क्रमांक येत नाही. तीच क्वेरी पीएचपीमायॲडमिनमध्ये चालवली की क्रमांकही मिळतो आणि शोध घेणे सोपे जाते. नेहमी भेटणारे काही क्रमांक असे.

१०६४ म्हणजे वाक्यरचनेची चूक. संदेशात ‘अमुक जवळ’ म्हणून जो तुकडा दाखवलेला असतो तो डेटाबेस जिथे गोंधळला तिथून सुरू होतो, त्यामुळे चूक बहुधा त्या तुकड्याच्या लगेच आधी असते: राहिलेला स्वल्पविराम, न मिटलेले अवतरण, किंवा रिकामे राहिलेले मूल्य. ‘इन’ या अटीच्या कंसात कोडने काहीच भरले नाही तर हीच चूक येते.

११४६ म्हणजे टेबल सापडले नाही. यामागे बहुतेक वेळा टेबलांच्या नावांचा प्रीफिक्स, म्हणजे नावाआधीचा ठरलेला तुकडा, असतो. कोडमध्ये कोणीतरी ‘डब्ल्यूपी_पोस्ट्स’ असे थेट लिहिलेले असते आणि संकेतस्थळाचा प्रीफिक्स वेगळा असतो. म्हणून नाव नेहमी डब्ल्यूपीडीबीच्या ‘पोस्ट्स’ किंवा ‘प्रीफिक्स’ या गुणधर्मातून घ्यावे. दुसरे कारण अधिक फसवे आहे. विंडोजवरील मायएसक्यूएल टेबलांच्या नावांतील लहान-मोठ्या रोमन अक्षरांत फरक करत नाही, लिनक्सवरील करतो. घरच्या लॅपटॉपवर एक्सॅम्प या सर्व्हर-संचात उत्तम चाललेले प्लगइन महाप्याच्या डेटा सेंटरमधील लिनक्स सर्व्हरवर चढवले की पडते, ते यामुळे.

१०५४ म्हणजे कॉलम सापडला नाही. प्लगइन अद्ययावत झाले पण त्याने टेबलाची रचना बदलण्याचे काम अर्धवट सोडले, हे त्याचे सर्वसामान्य कारण. १०६२ म्हणजे अद्वितीय असायला हवे ते मूल्य दुसऱ्यांदा आले. २००६ म्हणजे सर्व्हरने जोडणी सोडली. फार मोठा मजकूर एकदम पाठवला किंवा फार वेळ जोडणी रिकामी धरून ठेवली तर असे होते.

१०५५ बद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे तपासणीचे साधनच दिशाभूल करते. मायएसक्यूएल ५.७ पासून ‘ग्रुप बाय’विषयी एक कडक नियम मुळातच चालू असतो: गटात नसलेला कॉलम तसाच निवडता येत नाही. वर्डप्रेस मात्र आपल्या जोडणीपुरता हा नियम, तसेच मूल्यांच्या काटेकोर तपासणीचे काही नियम, स्वतःहून बंद करते. परिणामी वर्डप्रेसमध्ये बिनबोभाट चालणारी क्वेरी पीएचपीमायॲडमिनमध्ये १०५५ देऊ शकते आणि आपण नसलेल्या दोषाच्या मागे लागतो. तिथे तपासण्यापूर्वी सेशनचा एसक्यूएल मोड, म्हणजे हे नियम चालू-बंद ठेवणारी मांडणी, वर्डप्रेसच्या जोडणीसारखा करून घ्यावा.

प्रत्यक्ष गेलेली क्वेरी पाहणे

कोडमध्ये लिहिलेली क्वेरी आणि डेटाबेसला मिळालेली क्वेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे चल भरले जातात, फिल्टर लागतात, प्लगइने आपापल्या अटी घुसवतात. म्हणून गेट रिझल्ट्सच्या लगेच पुढच्या ओळीत लास्ट क्वेरी आणि लास्ट एरर हे दोन्ही ‘एरर_लॉग’ या फंक्शनने लॉगमध्ये लिहून घ्यावेत. मधे दुसरे काही आले तर ते दुसऱ्याच क्वेरीचे होतील. क्वेरी डब्ल्यूपी_क्वेरी या वर्गातून केली असेल तर त्या वस्तूच्या ‘रिक्वेस्ट’ गुणधर्मात तयार एसक्यूएल मिळते.

यात एक गोष्ट दचकवते. क्वेरीतील जागाधारकांत, म्हणजे ‘%एस’सारख्या मोकळ्या जागांत, मूल्ये भरणाऱ्या ‘प्रिपेअर’ या पद्धतीतून बाहेर पडलेली क्वेरी थेट छापली तर टक्क्याच्या चिन्हाच्या जागी महिरपी कंसातील ६४ अक्षरांची माळ दिसते. हा बिघाड नाही. मूल्यातले टक्के चुकून जागाधारक समजले जाऊ नयेत म्हणून वर्डप्रेस ती माळ तात्पुरती घालते आणि क्वेरी पाठवण्यापूर्वी काढून टाकते. लास्ट क्वेरीमध्ये ती दिसत नाही.

आता सिद्धेश्वर तलावाकडे येऊ.

माहितीची चौकट भरणारी क्वेरी थीम बनवणाऱ्याने स्वतः लिहिली होती. तिच्यात दोन अटी होत्या. पोस्टचा प्रकार ‘%एस’ या जागाधारकातून येत होता आणि पानाचा स्लग, म्हणजे पत्त्यातील नाव, ‘सॅनिटाइज_टायटल’ या फंक्शनमधून काढून थेट क्वेरीच्या मजकुरात चिकटवला होता. मग ते सगळे प्रिपेअरला दिले होते, सोबत पोस्टच्या प्रकाराचे एक मूल्य.

मी पहिल्या संध्याकाळी कॅश (वेगासाठी साठवलेल्या तयार प्रती) पुसली, दोन्ही पानांचे स्लग नव्याने टंकले, टेबलांची कोलेशन (अक्षरे जुळवण्याचे नियम) तपासली आणि त्यांतील एक विनाकारण बदलली. लास्ट एरर रिकामा होता. लास्ट क्वेरीमध्ये मेनूची कसलीशी क्वेरी दिसत होती, आणि मला वाटले की मीच ओळ चुकीच्या जागी घातली आहे. दुसऱ्या दिवशी परत आलेले मूल्य छापले, तेव्हा ते नल निघाले. म्हणजे क्वेरी रिकामी होती. म्हणजे प्रिपेअरनेच ती गिळली होती. लॉगमध्ये वर जाऊन पाहिले तर ओळ कालपासून तिथेच होती: प्रिपेअर चुकीच्या रीतीने बोलावले, क्वेरीत जागाधारक ३ आणि दिलेली मूल्ये १. डेटाबेसची चूक शोधत असल्यामुळे मी ती साधी सूचना समजून ओलांडली होती.

पण कोडमध्ये जागाधारक तर एकच होता. उरलेले दोन कुठून आले?

वर्डप्रेस मराठी स्लग देवनागरीत साठवत नाही. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात देवनागरीचे प्रत्येक अक्षर, मात्रा किंवा चिन्ह ३ बाइटांचे असते आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व पुढे षोडशमान पद्धतीतील दोन अंक असा लिहिला जातो. हलंताचे, म्हणजे पाय मोडण्याच्या चिन्हाचे, तीन बाइट असे लिहिले जातात: %ई०, %ए५, %८डी. यातला शेवटचा पाहावा. प्रिपेअरच्या भाषेत %डी म्हणजे पूर्णांकाची जागा, आणि मधे अंक असेल तर तेवढ्या रुंदीचा पूर्णांक. %८डी म्हणजे आठ अक्षरे रुंदीचा पूर्णांक! सिद्धेश्वर या नावात ‘द्ध’ आणि ‘श्व’ अशी दोन जोडाक्षरे आहेत, म्हणजे दोन हलंत, म्हणजे दोन खोटे जागाधारक. त्यांत पोस्टच्या प्रकाराचा खरा एक मिळवला की तीन होतात. ब्रह्माळाचाही हिशेब तोच. मासुंदा, उपवन, कचराळी आणि रायलादेवी यांत एकही जोडाक्षर नाही. त्यांच्या स्लगमधील टक्के प्रिपेअरला ओळखीचे वाटत नाहीत, ते तो साधे टक्के मानून सोडून देतो आणि क्वेरी सुरळीत चालते.

हा सापळा हलंतापुरता नाही. ‘ट’चा शेवटचा बाइट %९एफ असा लिहिला जातो, ‘ए’चा %८एफ, आणि ‘झ’चा %९डी; %एफ ही दशांश संख्येची जागा असल्याने ही अक्षरेही तसाच घोटाळा करतात. मंडळाने तलावांऐवजी ठाणे-नवी मुंबईतील वस्त्यांची पाने केली असती तर कळवा, नेरूळ, वाशी आणि घणसोली उघडली असती. मुंब्रा, तुर्भे आणि वर्तकनगर उघडली नसती. इंग्रजी स्लगांवर चाचणी घेणाऱ्या थीमकाराला हे कधीच दिसणार नाही.

दुरुस्ती

दुरुस्ती एका ओळीची आहे. स्लग मजकुरात न चिकटवता त्याच्या जागी दुसरा %एस ठेवावा आणि स्लग प्रिपेअरला दुसरे मूल्य म्हणून द्यावा. मूल्य म्हणून आलेल्या टक्क्यांना प्रिपेअर हात लावत नाही. %एसभोवती अवतरणचिन्हे आपण घालू नयेत. ती प्रिपेअर स्वतः घालतो. टेबलाचे किंवा कॉलमचे नाव चलातून द्यायचे असेल तर ६.२ आवृत्तीपासून त्यासाठी ‘%आय’ हा स्वतंत्र जागाधारक आहे.

दोन चुकीच्या दुरुस्त्या मात्र टाळाव्यात, कारण दोन्हींनी पान चालू होते. प्रिपेअर काढून टाकले की सिद्धेश्वर लगेच दिसू लागतो, परंतु पत्त्यातून आलेला मजकूर बिनापहाऱ्याचा क्वेरीत शिरण्याची वाट मोकळी होते. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. दुसरी युक्ती म्हणजे स्लगमधील प्रत्येक टक्का दुप्पट करणे. ती चालते, पण पुढे कोणी तोच स्लग योग्य रीतीने मूल्य म्हणून दिला की दुप्पट टक्के तसेच राहतात आणि नोंद पुन्हा सापडत नाही. माझ्या मते मुळात अशा कामाला हाताने लिहिलेली क्वेरी नकोच होती. डब्ल्यूपी_क्वेरीला पोस्टचा प्रकार आणि नाव दिले असते तर हे सारे टळले असते.

‘लाइक’ वापरणाऱ्या शोधाच्या क्वेरीलाही हाच नियम. शोधशब्द आधी ‘एस्क_लाइक’मधून काढावा, मागेपुढे टक्के त्या मूल्यालाच जोडावेत आणि मग ते मूल्य %एसला द्यावे.

दुरुस्तीनंतर त्याच थीममध्ये प्रिपेअर हा शब्द शोधला, तर स्लग चिकटवणाऱ्या आणखी दोन जागा सापडल्या. एक दोष सापडला की त्याची भावंडे शोधावीत. ज्याने एकदा तसे लिहिले त्याने ते सवयीने लिहिलेले असते.

मराठी मजकुराचे आणखी काही फाटे

स्लगचा कॉलम २०० अक्षरांचा असतो आणि देवनागरीचे एकेक चिन्ह त्यात ९ अक्षरे खाते. म्हणजे मराठी स्लगमध्ये जेमतेम २२ चिन्हे मावतात, मात्रा आणि अनुस्वार धरून. ‘ठाणे शहरातील तलावांची सद्यस्थिती’ या शीर्षकाचा स्लग ‘ठाणे-शहरातील-तलावांची-सद’ इथेच तुटतो. पूर्ण शीर्षक स्वतः सांकेतिक करून त्याची स्लगशी तुलना करणारी क्वेरी लहान शीर्षकांवर चालते आणि लांब शीर्षकांवर गप्प राहते. सॅनिटाइज_टायटल वापरले तर ते स्वतःच तिथे तोडते, म्हणून जुळते. लांब शीर्षकांच्या दोन लेखांची सुरुवात सारखी असेल तर दुसऱ्या स्लगला शेवटी आकडा जोडला जातो आणि त्यासाठी शेपूट आणखी छाटले जाते, हेही ध्यानात ठेवावे. चिटणीस बाईंना मी लांब शीर्षकाखाली छोटा स्लग हाताने टाकायची सवय लावली आहे.

मायएसक्यूएलमध्ये ज्याला नुसते ‘यूटीएफ८’ म्हणतात त्यात प्रत्येक चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट मिळतात. देवनागरी त्यात बरोबर मावते, म्हणून जुन्या टेबलांतही मराठी वर्षानुवर्षे नीट चालते. इमोजीला मात्र ४ बाइट लागतात. काटेकोर तपासणीचे नियम चालू असलेल्या जोडणीतून थेट भरलेल्या क्वेरीला मग १३६६ ही चूक येते. टेबल ‘यूटीएफ८एमबी४’मध्ये बदलणे हाच उपाय आहे. वर्डप्रेसने स्वतःच्या टेबलांसाठी हा बदल २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीत केला, पण प्लगइनांनी त्याआधी बनवलेली टेबले अजून जुन्याच संचात असू शकतात.

दोन टेबलांची कोलेशन वेगळी असेल आणि त्यांतील मजकुराचे कॉलम एकमेकांशी जुळवले तर १२६७ येते. मायएसक्यूएल ८.० वरून घेतलेली प्रत ५.७ वर चढवताना नवी कोलेशन अनोळखी ठरून १२७३ येते. निर्यात केलेल्या फाइलमधील कोलेशनचे नाव दोन्हीकडे असलेल्या नावाने बदलून हे सुटते.

शोध लागत नाही पण चूकही येत नाही, अशा वेळी अक्षरांचे संकेत पाहावेत. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर म्हणून टंकता येते आणि ‘अ’ला चंद्र जोडूनही, पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात, पण संकेत वेगळे. ‘दुसऱ्या’तला रफार-सदृश आडवा ‘र’ही निरनिराळ्या कळफलकांवर दोन तऱ्हांनी उमटतो. ‘हेक्स’ हे फंक्शन लावून कॉलमातील मूल्य आणि शोधशब्द शेजारीशेजारी छापले की फरक लगेच दिसतो.

शेवटची आवराआवर

दुरुस्ती प्रतीवर तपासताना चाचणीसाठी मी चार पाने मुद्दाम तयार केली: एकाच्या नावात जोडाक्षर, एकात ‘ट’, एकात ‘झ’ आणि एकात ‘ए’. चारही उघडल्यावर बदल मूळ संकेतस्थळावर नेला, पानांची आणि ऑब्जेक्टची अशा दोन्ही कॅश रिकाम्या केल्या आणि खाजगी खिडकीत, लॉगइन न करता, सहाही तलाव पाहिले. लॉगइन केलेल्या माणसाला बहुतेक कॅश लागू होत नाही, त्यामुळे आपल्याला दुरुस्त दिसलेले पान वाचकाला जुनेच दिसत राहते.

त्यानंतर डब्ल्यूपी_डीबग पुन्हा ‘फॉल्स’ केला, लॉगची फाइल पुसली, एरर_लॉगच्या घातलेल्या ओळी काढल्या आणि आदल्या संध्याकाळी विनाकारण बदललेली कोलेशन बॅकअपमध्ये पाहून पूर्ववत केली. क्वेरीच्या वर थीममध्ये एक टिप्पणी लिहून ठेवली आहे: ‘स्लग इथे चिकटवू नये, जोडाक्षराने क्वेरी रिकामी होते.’